वाय-फाय फुल, पण साइट उघडेना: दोन राउटरांचा घोळ

वाय-फायला पूर्ण सिग्नल, मोबाइलवर सगळं सुरळीत, पण लॅपटॉपवर एकही साइट उघडेना. अशा वेळी राउटर बंद-चालू करण्याआधी कमांड प्रॉम्प्टमधून ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) ला पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघा. उत्तर आलं तर लाइन ठीक आहे, बहुधा डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची अडचण. माझ्याकडे तेही उत्तर येईना, म्हणजे घोळ त्याच्याही आधीचा होता.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटवर्कची माहिती दाखवणारं ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवलं. मोबाइलचा गेटवे (ज्या राउटरमधून यंत्र बाहेर इंटरनेटवर जातं त्याचा पत्ता) १९२.१६८.१.१, आणि लॅपटॉपचा १९२.१६८.०.१! डीएनएस सर्व्हरच्या जागीही तोच शून्यवाला पत्ता. आतल्या खोलीत रेंज मिळावी म्हणून जोडलेला दुसरा राउटर स्वतःच पत्ते वाटत होता, आणि त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरून येणारी इंटरनेटची लाइन जिथे लागते) तर काहीच जोडलेलं नव्हतं. घरच्या नेटवर्कवर डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणारी सोय, एकच चालू हवा. दोन असले की साधारणपणे ज्याचं उत्तर आधी पोहोचतं, त्याचा पत्ता यंत्र घेतं. म्हणूनच नेट कधी चाले, कधी नाही. हे कळेपर्यंत माणूस उगाच केबलवर संशय घेत बसतो.

दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये आधी डीएचसीपी बंद केला, मग त्याचा लॅन (घरातल्या नेटवर्कवरचा) पत्ता १९२.१६८.१.२ केला. पत्ता बदलताच समोरचं पान तुटतं, घाबरू नका. मुख्य राउटरचं वाटप १०० पासून सुरू होतं, त्यामुळे २ मोकळा होता. तुमच्याकडे हे आधी तपासाच. केबल लॅन पोर्टातच ठेवली. शेवटी लॅपटॉपवर जुना पत्ता सोडून नवा घ्यायला आणि डीएनएसची साठवलेली जुनी माहिती पुसायला ‘आयपीकॉन्फिग’सोबत ‘/रिलीज’, ‘/रिन्यू’ आणि ‘/फ्लशडीएनएस’ दिलं. गेटवे १.१ दिसला आणि साइट उघडू लागल्या.