‘गो’ या इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं

आधी हातातला कोश कुठल्या जातीचा आहे ते बघा. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात रोजच्या वापरातला अर्थ वर असतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी (१८८४ ते १९२८ या काळात हप्त्याहप्त्याने निघाली) अर्थ कालक्रमाने लावते. मूळ शोधायचं तर हीच घ्या.

१. अर्थांचे रकाने पाडा: जाणं, चालू असणं (घड्याळ, मशीन), विकलं जाणं, होणं. शेवटचा रकाना नीट न्याहाळा. गो मॅड, गो बॅड, गो बँकरप्ट: बहुतेक सगळा बिघाडच. आजारी माणूस बरा होतो तेव्हा मात्र ‘गेट वेल’. तिथे ‘गो’ चालत नाही.

२. भूतकाळाचं रूप वेगळं तपासा. ‘वेंट’ हे मुळात ‘गो’चं नव्हेच. ते ‘वेंड’चं (वळणं, वाट धरणं), सेंड–सेंटसारखं. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ तिसऱ्याच धातूवरून व्हायचा, तो मागे पडला आणि ‘वेंट’ त्या जागी बसलं. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको: ‘जातो’ संस्कृत ‘या’वरून, ‘गेला’ मात्र ‘गत’वरून.

३. व्युत्पत्तीच्या कंसात एखाद्या रूपाआधी तारा (*) दिसला, तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेवरून बांधलेलं आहे. वहीत उतरवताना तारा गाळू नका.

४. आता खरी गोची. ‘गो’ म्हणजे आपलं संस्कृत ‘गम्’ (जाणं), असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. कानाला पटतं, पण चूक आहे. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषांना एकाच पूर्वज भाषेकडून वारशाने मिळालेल्या शब्दांत संस्कृत ‘ग’समोर इंग्रजीत सहसा ‘क’ येतो: गो (गाय)–काऊ, युग (जू)–योक. त्यामुळे ‘गम्’चं इंग्रजी भावंड ठरतं ‘कम’, म्हणजे येणं! इंग्रजी ‘ग’समोर संस्कृतात ‘ह’ किंवा ‘घ’ शोधा: गूज (बदकासारखा पक्षी)–हंस. त्या हिशेबाने ‘गो’चं नातं ‘हा’ धातूशी लावतात. ‘जहाति’ म्हणजे सोडून जातो.

ही कसोटी फक्त वारशाच्या शब्दांना लावायची. ‘गुरू’सारखा शब्द इंग्रजीने अलीकडे उचललेला, त्याचा ‘ग’ तसाच राहिलाय.

५. जर्मन ‘गेएन’ आणि डच ‘खान’ हे ‘गो’चे सख्खे चुलत. डच उच्चारातला ‘ख’ बघून बिचकू नका. लिहिताना तिथे रोमन ‘जी’च असतो, तेव्हा तुलना लेखी रूपांची करा.