गावरान भोपळ्याचं बी घरचं ठेवायचं तर

आमच्या तासगाव भागात परड्यात लाल भोपळा लावणारी घरं अजून बरीच आहेत, पण बी पाकिटातलं. ते संकरित असेल तर त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी धड येत नाही. एका वेलाला गोल फळ, दुसऱ्याला लांबोडकं, चवीचा भरवसा नाही. म्हणून आधी गावरान बी मिळवा. कुणी म्हातारी घरचा भोपळा चिरत असेल तर मागून घ्या, नाही म्हणत नाहीत.

मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की लावा. काळ्या रानात पाणी साचतं, तेव्हा आळं जरा उंचवट्यावर करा. दोन पाट्या कुजलेलं शेणखत, तीन-चार बिया पेरभर खोल. उगवल्यावर जोमाचे दोनच वेल ठेवायचे. दोन आळ्यांत ८ फूट तरी अंतर हवं. कोवळ्या पानांची चाळण करणारे तांबडे भुंगेरे सकाळच्या गारव्यात सुस्त असतात, तेव्हाच वेचायचे आणि दवावर चुलीची राख भुरभुरवायची.

पहिली फुलं बहुतेक नर असतात, ती गळतात. लगेच वेलाला वांझ ठरवू नका. मादी फुलाच्या मागं गोटीएवढा भोपळा आधीच दिसतो.

खरं काम आता. उद्या उमलायची कळी आदल्या संध्याकाळी टोकाला पिवळी होते. अशी एक मादी आणि दोन नर कळ्या गाठा, दोऱ्यानं तोंडं बांधून टाका. सकाळी उजाडल्याबरोबर नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला दांडा मादी फुलात हलक्या हातानं फिरवा आणि तिच्या पाकळ्या परत बांधा. नऊ-दहानंतर फुलं मिटायला लागतात, मग उपयोग नाही. हा खटाटोप एवढ्यासाठी, की मधमाशी शेजारच्या संकरित भोपळ्याचा पराग घेऊन येते. दुधी, दोडका, कारलं जवळ असलं तर बिघडत नाही, त्यांचा याच्याशी संकर होत नाही. द्राक्षबागांत फवारण्या चालू असल्या की माश्या कमी फिरतात. मग खायच्या भोपळ्यालाही पराग हातानंच लावावा लागतो. बियाच्या फळाच्या देठाला रंगीत दोरा बांधा, नाहीतर घरातलंच कुणीतरी तोडून भाजी करतं!

फळमाशीनं डंखलेली कोवळी फळं वेलाखाली टाकू नका, खोल पुरा.

दीड-दोन महिन्यांत देठ वाळतो, सालीत नख रुतत नाही. चार बोटं देठ ठेवून कापा, पण देठाला धरून उचलू नका. बियाचं फळ महिनाभर हवेशीर जागी ठेवून मगच फोडा. तोवर आत बी भरत राहतं. कच्ची फोड चाखा. कडू लागली तर भाजीही नको आणि बीही नको. चांगला निघाला तर गर घारग्यांना घ्या, बी धुऊन पोकळ तेवढं काढून टाका, बाकीचं सावलीत वाळवा. वाकवल्यावर कट्कन मोडलं की वाळलं. मग राखेत घोळून घट्ट झाकणाच्या डब्यात, वर वर्ष लिहून.