कॉल लागताच ब्लूटूथ नेकबँडचा आवाज डब्यातून आल्यासारखा? (विंडोज १०)

गाणी झकास वाजायची, कॉल लागला की आवाज पत्र्याच्या डब्यातला. पुन्हा पेअर केलं, ड्रायव्हर बदलला. दोन दिवस नुसता डोक्याला ताप.

दोष नेकबँडचा नाही. त्याचा माइक चालू झाला की ब्लूटूथ स्टिरिओ (गाण्यांचा मोड) सोडून हँड्स-फ्रीवर (कॉलचा मोड) जातं: मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, आणि स्वस्त हेडसेटात सॅम्पलिंग (आवाजाचा बारकावा ठरवणारा दर) फक्त ८ किंवा १६ किलोहर्ट्झ.

आधी कॉल बंद करा. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड. इनपुटला लॅपटॉपचाच माइक निवडा. आउटपुटला नेकबँडच्या दोन नोंदी दिसतील. 'स्टिरिओ' घ्या, 'हँड्स-फ्री' नको. मग कॉलच्या ॲपमध्येही हेच दोन निवडा. ॲपची निवड वेगळी असते, ती राहिली की सगळं मुसळ केरात.

लॅपटॉपचा माइक पंख्याची घरघर मात्र उचलतो.