डीबगरला सोर्स सापडत नाही? या चुका टाळा

जीडीबी या डीबगरनं (प्रोग्राम थांबवून आतून तपासायचं साधन) सोर्स फाइलबद्दल ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हटलं की नवशिके ती फाइल कुठूनतरी उचलून चालू फोल्डरमध्ये टाकतात. कधीकधी त्यानं काम भागतं आणि तीच सवय लागते. कृपा करून असं करू नका.

‘डिरेक्टरी’ कमांडनं सोर्स शोधायच्या यादीत दिसेल तो फोल्डर जोडत सुटणं हीसुद्धा तीच घाई. मीही ते केलंय. आमच्या प्रकल्पात युटिल.सी नावाच्या दोन फाइल होत्या, एक नेटवर्कच्या भागात, दुसरी स्टोरेजच्या. मी दोन्ही फोल्डर जोडले. क्रॅश 214 व्या ओळीवर होता आणि पडद्यावर 214 व्या ओळीत नुसता बंद होणारा महिरपी कंस. मेमरी बिघडली असणार असं धरून मी दोन दिवस घालवले. शेवटी लक्षात आलं, बॅकट्रेसमधलं (कुठल्या फंक्शननं कुठलं बोलावलं त्या यादीतलं) फंक्शन समोरच्या फाइलमध्ये नव्हतंच! पूर्ण पाथनं फाइल मिळाली नाही की जीडीबी नुसत्या नावानंही शोधतो आणि यादीत आधी सापडेल ती उघडतो.

तेव्हापासून मी प्रोग्राम थांबला की आधी ‘इन्फो सोर्स’ बघतो. त्यात कंपायलेशन डिरेक्टरी दिसते, म्हणजे बिल्ड झालं त्या मशीनवरचा पाथ. समजा ती /बिल्ड/वर्क आहे आणि माझा कोड /होम/कोडमध्ये आहे, तर एवढी एक ओळ पुरते:

सेट सबस्टिट्यूट-पाथ /बिल्ड/वर्क /होम/कोड

पाथची फक्त सुरुवात बदलते, आतली फोल्डरची रचना तशीच राहते, त्यामुळे दोन युटिल.सी एकमेकींत मिसळत नाहीत. ही ओळ माझ्या .जीडीबीइनिटमध्ये (जीडीबी सुरू होताना वाचतो ती फाइल) कायमची असते. कोड मात्र बिल्ड झालं त्याच कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या त्याच आवृत्तीवर हवा.

‘सोर्स फाइल इज मोअर रीसेंट दॅन एक्झिक्युटेबल’ ही वॉर्निंग वाचा. ती बहुतेक वेळा खरी असते.

-ओ2 हा कोड वेगवान करणारा कंपायलरचा फ्लॅग लावल्यावर डीबगरमध्ये ओळी मागेपुढे उड्या मारतात. त्यात पाथचा दोष नाही.

स्ट्रिप केलेली, म्हणजे डीबगची माहिती काढून टाकलेली बायनरी पाठवून मूळ प्रत पुसून टाकू नका. ‘पुन्हा -जी (डीबगची माहिती घालणारा फ्लॅग) लावून कंपाइल करू’ हे उत्तर मला पटत नाही. कंपायलर किंवा एखादा फ्लॅग बदलला तरी फंक्शनचे मेमरीतले पत्ते सरकतात आणि बॅकट्रेस खोटा पडतो. मी प्रत्येक रिलीजची स्ट्रिप न केलेली प्रत ठेवतो आणि ‘रीडएल्फ -एन’नं ती आणि पाठवलेली अशा दोन्हींचा बिल्ड आयडी (त्या बिल्डची ओळखखूण) ताडून बघतो.

दुसऱ्या मशीनवरचा कोअर (क्रॅशच्या वेळी साठवलेली मेमरी) उघडताना ‘सेट सिसरूट’ (त्या मशीनच्या लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारी कमांड) विसरलात तर जीडीबी तुमच्याच मशीनवरच्या लायब्ररी उचलतो आणि बॅकट्रेसमध्ये प्रश्नचिन्हांची रांग लागते. मग लोक स्टॅक बिघडलाय म्हणत बसतात. त्याआधी ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’ द्या आणि प्रत्येक लायब्ररी कुठल्या पाथवरून आली ते बघा.