सिंकखालची गळती : पाना उचलण्याआधी

प्लंबिंगच्या कामाला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर माझ्या वाट्याला बहुतेक सिंकखालचीच कामं आली. मोठी लाइन मिस्त्री बघायचे आणि मला म्हणायचे, "खाली शिर आणि पाणी कुठून येतंय ते सांग." मला वाटायचं, यात सांगायचं काय, नट आवळला की झालं. एका घरी मी तेच केलं. बॉटल ट्रॅपच्या, म्हणजे सिंकखालच्या पाइपात पाणी साठून राहणाऱ्या बाटलीसारख्या भागाच्या, बुडाशी थेंब लोंबत होता, म्हणून तिथली वाटी पाना लावून गच्च आवळली. प्लास्टिकला केसाएवढी चीर गेली. गळती मात्र तिथे नव्हतीच. पाणी वरून, सिंकच्या भोकाला बसवलेल्या वेस्ट कपलिंगच्या कडेतून झिरपत होतं आणि पाइपाच्या अंगाने ओघळत खाली येत होतं. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही येऊन गेल्यापासून जास्तच गळतंय." ते अजून लक्षात आहे.

म्हणून नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो : थेंब पडतो ती जागा म्हणजे गळतीची जागा नव्हे. पाणी जोडातून निघतं आणि सगळ्यात खालचं टोक गाठून तिथून पडतं.

खालचं कपाट रिकामं करा, बादली ठेवा, वरपासून खालपर्यंत सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून घ्या. आता नळ बंद ठेवून थोडं थांबा. तरीही ओल येत असेल तर बहुधा सांडपाण्याच्या पाइपाचा दोष नाही (ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी मात्र तेव्हाही गळू शकतं), अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी बंद करायची तोटी, आणि नळाला पाणी देणारा पाइप तपासा. कोरडं राहिलं तर बूच लावून सिंक भरा. पाणी नुसतं साठलेलं असतानाच खाली ओल आली, तर संशय कपलिंगवर. मग बूच एकदम काढा. नळाच्या बारीक धारेत न दिसणारी गळती भरलेलं सिंक एका दमात रिकामं होताना दिसते. त्या वेळी टिश्यू पेपरचा तुकडा वरून खाली एकेका जोडाला टेकवत जा. बोटाला जाणवत नाही इतकी ओलही कागदावर उमटते.

जोड सापडला की तो खोला आणि आतला वायसर, म्हणजे रबराची चकती, हातात घ्या. हा तुकडा नीट बघायला शिका. सांडपाण्याच्या या जोडात पाणी आटे अडवत नाहीत, वायसर अडवतो. त्यामुळे इथल्या आट्यांवर टेफलॉन टेपचे कितीही वेढे दिले तरी गळती थांबत नाही. वायसर नखाने दाबून बघा. दबला नाही, कडक लागला किंवा एका बाजूने चेपलेला दिसला तर बदला. निमुळता असेल तर निमुळती बाजू जोडाच्या आत आणि सपाट बाजू नटाकडे. उलटा बसला की नवा असूनही गळतो. नट हाताने फिरवून घट्ट करा, गरज वाटली तर पान्याने पाव फेरा, बस. पाइप तिरका शिरलेला असेल तर आवळून सरळ होत नाही, सैल करून पुन्हा बसवावा लागतो. नवा वायसर आणायला जाताना जुना खिशात ठेवा : 32 मिमी आणि 40 मिमी नजरेला सारखेच वाटतात.

कपलिंग गळत असेल तर ते पूर्ण काढून जुना लेप खरवडून, जागा कोरडी करून सिलिकॉन लावा. साधारण 24 तास पाणी सोडायचं नाही. घरचे घाई करतात, पण इथे माघार घेऊ नका.

ट्रॅप काढून सरळ पाइप टाकायला कुणी सांगितलं तरी टाकू नका. त्यात साठून राहणारं पाणी गटाराचा वायू घरात येऊ देत नाही.

आणि काहीही खोलण्याआधी विचारा, पाइप मोकळा करायचं रसायन ओतलंय का? त्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. ट्रॅप उघडताच ते पाणी हातावर, डोळ्यांत उडतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय मी मुलांना ट्रॅपला हात लावू देत नाही.

काम झालं की सिंक दोनदा काठोकाठ भरून सोडतो, एकदा गरम पाण्याने. खालच्या फळीवर कोरडा कागद पसरून दहा-पंधरा मिनिटं तिथेच थांबतो. कागदावर एकही डाग नसेल, तरच कपाटातलं सामान परत लावायला सांगतो.