दारू सोडताना रक्ततपासणीचे अहवाल कसे वाचावेत

दारू एकाएकी बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस सर्वांत जोखमीचे असतात आणि त्या काळात डॉक्टर पुढे केलेल्या हातांची थरथर, घाम, नाडी व भ्रम यांवरूनच उपचार ठरवतात. झटका (फिट) किंवा भ्रम दिसल्यास अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेव्हा रक्तातील साखर, पोटॅशियम आणि विशेषतः मॅग्नेशियम तपासून घ्यावे, कारण ही द्रव्ये घटली की हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

पुढील देखरेखीसाठी पहिल्याच दिवशी जीजीटी (यकृताशी संबंधित एक एन्झाइम) आणि एमसीव्ही (तांबड्या रक्तपेशींचा सरासरी आकार) या अतिमद्यपानाने वाढणाऱ्या आकड्यांची नोंद करून ठेवावी, म्हणजे नंतरच्या आकड्यांची तुलना करता येते. दारू थांबल्यास जीजीटी साधारण २ ते ६ आठवड्यांत उतरते. मात्र फेनिटॉइनसारख्या फिटवरील औषधांनी किंवा यकृतातील चरबीनेही ते वाढते, म्हणून एका आकड्यावरून रुग्णाला खोटे ठरवणे अन्यायाचे आहे. एमसीव्ही फार सावकाश बदलतो, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. शाकाहारी घरांत बी-१२ च्या कमतरतेनेही तो वाढलेला सापडतो, हे आपल्याकडे हमखास विसरले जाते. सीडीटी (अतिमद्यपानाने वाढणाऱ्या रक्तातील एका प्रथिनाची तपासणी) अधिक नेमकी असून २ ते ४ आठवड्यांत पूर्ववत होते. लघवीतील ईटीजी (दारूपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याची तपासणी) अलीकडच्या काही दिवसांतील मद्यपान दाखवते, पण सॅनिटायझरच्या अतिवापरानेही ती कधी किंचित सकारात्मक येते.