हवेची गन वापरताना आधी पाइप काढा

गॅरेजमधे एअर गनचं (नट खोलायची हवेवरची गन) सॉकेट, म्हणजे नटावर बसणारी वाटी, बदलायचं असेल किंवा ग्राइंडरचा दगड, आधी कपलर (पाइप टूलला जोडणारा जोड) ओढून हवेचा पाइप काढा, नुसतं ट्रिगरवरचं बोट बाजूला घेऊन भागत नाही कारण लाइनमधे प्रेशर असतंच आणि हात चुकून ट्रिगरवर पडला की टूल फिरणार. पाइप पूर्णच काढायचा असेल तर कॉम्प्रेसरकडचा वॉल्व बंद करा, ट्रिगर दाबून उरलेली हवा सोडा, मग कपलर काढा, नाहीतर पाइपचं टोक सापासारखं उसळतं.

दुसरं म्हणजे सॉकेट. हातपान्याचं चकचकीत क्रोमवालं गनला लावू नका राव, ते ठोक्यांनी तडकतं आणि तुकडा उडतो. काळं, जाड, इम्पॅक्टचंच, म्हणजे ठोके सोसणारं, घ्या, महाग पडलं तरी चालेल. चष्मा तर पाहिजेच, साइडने पण झाकणारा.

प्रेशर टूलवर लिहिलेलं असतं तेवढंच, बऱ्याच गनना 90 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतं, नट सुटत नाही म्हणून रेग्युलेटर पिळत बसायचं नाही.

आणि संध्याकाळी त्याच हवेने कपडे, केस झटकायची सवय तर जवळपास सगळ्याच गॅरेजात दिसते! हवा जखमेतून आत शिरू शकते, डोळ्यात कण जातात, कानाचा पडदा फाटू शकतो. पोरं गंमत म्हणून एकमेकांवर हवा मारतात ना, तिथे सरळ ओरडा, जीव गेलेत त्याने. कपड्यांना ब्रश बास.

कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा ड्रेन कॉक रोज उघडून पाणी काढा, आतून गंजते ती.